पडद्याकडे पाठ

ऐक वं पंचफुले, नुसतं ऐक. मधात बोलू नको. तुले मधात बोलायची लय सवय आहे, अन् माह्या गोष्टीचा धागा तुटला का मी भलतीकडेच जाते. तिकडे अमडापूरले सासरी तुले कोणी काही सांगितलं नसेल, अन् तुह्या मायनं सांगितलं असेल ते अर्धंच असेल. ते सगळं सोड. चहा राहू दे खाली. ऐक.

तर मले टेलिफोनवाली व्हायचं होतं, हे तुले माहीत आहे. हसू नको! तुले आठवते का, आपण दोघी जिनिंगवाल्या शेठकडे सरकी आणायले गेलो होतो? शेठ गादीवर पसरून पडला होता, कोणी आलं तरी हलत नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. तिकडून फोन जोडून देणारी बाई बोलली, अन् शेठ ताडकन उठून बसला. 'जी बाई, हाव बाई, थांबतो बाई.' आपल्याले हसू आवरेना. पण माह्या मनात ते तिथंच बसलं. कुठं कोण ती बाई, अकोल्याची का भुसावळची, दिसत नाही, भेटत नाही, अन् ती 'थांबा' म्हणते का आख्ख्या जळगाव जामोदची बाजारपेठ थांबते! मी म्हणलं, व्हायचं तर हेच व्हायचं.

मॅट्रिक झाली, तुह्यं लगन झालं, तू गेली, अन् मी अर्ज केला. अकोल्याले बोलावलं. बाबा संग आले. इथून मोटार नांदुऱ्यापर्यंत, पुढं रेल्वे. मी आपली ऐटीत. काऊन नसणार? इंग्रजीत वर्गात पहिली होती मी! वामनराव सर माह्यं पुस्तक हातात घेऊन दुसऱ्या पोरींले दाखवायचे.

आतमधी एक साहेब बसले होते. मले पाहून काहीतरी बोलले. पंचफुले, तुह्या गळ्याची शपथ, पुलावरून मालगाडी जावी तसं सगळं गेलं. धडधड धडधड, अन् गेली गाडी. एक डबा वेगळा दिसला असेल तर शपथ. मी म्हणलं, 'येस सर.' त्यायनं पुन्हा काही विचारलं. मी म्हणलं, 'येस सर.' मंग ते हसले अन् मराठीत बोलले, 'बाई, मी पहिल्यांदा तुमचं नाव विचारलं, अन् नंतर विचारलं, तुम्हाले बसायले खुर्ची पाह्यजे का?' बाजूची कारकूनबाई तोंडाले पदर लावून हसली. मी तशीच उभी.

माणूस वाईट नव्हता पण. मले एक कागद वाचायले देला, मी खडाखडा वाचला, अर्थही सांगितला. तर म्हणे, 'डोळ्याचं इंग्रजी पक्कं आहे. कानाचं बिलकुल नाही. अन् आमचं काम सगळं कानाचं. उन्हाळ्यात अजून एकदा भरती आहे. त्यानंतर बरेच दिवस नाही. तोपर्यंत कान तयार करा अन् या.'

रेल्वेत बाबा काही बोलले नाही. मोतीराम भाजीवाला गप्प बसला म्हणजे मोठी गोष्ट, तुले माहीत आहे त्यायचं. जलंब गेल्यावर बोलले, 'रुखमे, उन्हाळ्यात अजून एक बार जाऊ. मंग नाही. मंग मी नांदुऱ्याच्या पाहुण्यांले तुह्या लगनाचं हो म्हणून टाकतो.' रागानं नाही म्हणले वं, शांत म्हणले. शांत म्हणले म्हणून जास्त भेव लागलं.

आता कान तयार करा म्हणजे काय करा? गेली वामनराव सरांकडे. सर म्हणे, 'पोरी, खरं सांगू का, मले कोणी इंग्रजीत बोललं तर मी बी येस सरच म्हणतो.' आठव ना, सरांनी इंग्रजी कसं शिकवलं आपल्याले? एक शब्द इंग्रजी, त्याचा अर्थ मराठी, दुसरा शब्द इंग्रजी, त्याचा अर्थ मराठी. सगळा तास मराठीत. आपण इंग्रजी पाह्यलं लय, ऐकलं कधीच नाही. मंग मी ग्रामपंचायतीच्या रेडिओपाशी जाऊन उभी राह्यली, म्हणलं इंग्रजी बातम्या तरी ऐकू. बातम्या सुरू झाल्या का ओट्यावरचे म्हातारे ओरडायचे, 'अरे बंद करा ते फडफड, गाणे लावा!' गाणे लागायचे.

अन् मंग आला आपल्या फकीर मोहम्मद शेठचा तंबू.

हाव, तोच, टुरिंग टॉकीज. दिवाळीनंतर बाजाराच्या मैदानात लागते अन् पाऊस आला का उठते. पण या साली नवीन गोष्ट झाली. बाजाराच्या आदल्या दिवशी गर्दी नसते ना, तर त्या दिवशी शेठनं इंग्रजी पिक्चर लावायले सुरू केलं. कुठून तरी घासलेलं रीळ स्वस्तात भेटलं होतं त्याले. एकच पिक्चर, दर आठवड्याले तेच! लोक जायचे, काऊन का गोऱ्या बाया पाहायले भेटतात, अन् काऊन का हबीबचाचा.

थांब, हबीबचाचा तुले माहीत नाही. तंबूत मशीन एकच. एक रीळ संपलं का दिवे लागतात, दुसरं चढवेपर्यंत सगळे खोकतात, बिड्या पेटवतात, लेकरं मुतवून आणतात. तेवढ्या वेळात हबीबचाचा भोंग्यावर येऊन आतापर्यंतची गोष्ट सांगते. इंग्रजी कोणाले येते इथं? चाचा सांगीन तेच पिक्चर. अन् काय सांगते बाप्पा! माणसं रडवते, हसवते, शिट्ट्या घेते.

मी बाबांले म्हणलं, मले दर आठवड्याले सिनेमाले जायचं आहे. बाबांनी माह्याकडे असं पाह्यलं जसं मी म्हणलं मले वाघ पाळायचा आहे. पण सोजराआत्या घरात होती. आत्याले सिनेमा म्हणजे जीव का प्राण. आत्या म्हणे, 'दादा, पोरगी अभ्यासाले चालली, तिच्यासंग मोठं माणूस पाह्यजे. मी करते तेवढा त्रास.' बाबा म्हणे, 'तू तं करशीलच.' अन् हो म्हणले.

पहिल्या दिवशी आम्ही बायांच्या बाजूले, पडद्याच्या अगदी पुढं जाऊन बसलो. मधात कनात, पलीकडे माणसं. मागं इंजिनाची धडधड, त्याच्यावरच तर लाईट चालते. सुरू झालं पिक्चर. एक टोपीवाला गोरा जहाजातून उतरते. सोनेरी केसांची एक बाई एका मोठ्या हवेलीत राहते. तिथं एक जाडा माणूस आहे, मिशा अशा, तोंडात हा एवढा चिरूट. टोपीवाला येते, जाडा त्याले हाकलून देते, बाई वरच्या खिडकीतून पाहते अन् रडते. रीळ संपलं. दिवे लागले. चाचा भोंग्यावर.

'तो भाईयो और माँ-बहनो! ये टोपीवाला है भाई, ये सुंदरी उसकी सगी बहन! बचपन में बिछड़े! और ये मिशीवाला नालायक जमीनदार, बहन को कोंडून ठेवलंय हवेलीत!'

झालं! बायांनी पदर डोळ्याले लावले. आत्या तं त्या जाड्याले अशा अशा शिव्या देऊन राह्यली होती का मी तुले सांगू नाही शकत, तू आता सासुरवाशीण आहे.

अन् मी काय करून राह्यली होती माहीत आहे? मले वाटून राह्यलं होतं का मले समजते! खरंच. पुढच्या आठवड्याले गेली, तिसऱ्या आठवड्याले गेली, मले वाटलं आता सगळं समजून राह्यलं. तो काही बोलला का मी मनात म्हणायची, हाव, हा म्हणून राह्यला, माह्या बहिणीले सोड. ती रडली का मी म्हणायची, हाव, ही म्हणून राह्यली, दादा वाचव. आत्याले म्हणलं, 'आत्या, माहे कान उघडले!' आत्यानं घरी येऊन बाबांले सांगितलं. बाबांनी ते बाजारात सांगितलं.

मंग एक दिवस मी तंबूमागून येऊन राह्यली होती. चाचा विस्तव करून चहा ठेवून बसला होता. मी म्हणलं, 'चाचा, तुम्ही इंग्रजी कुठं शिकले?'

चाचा एवढा हसला का चहा उतू गेला. 'बेटी, मेरेकू कहाँ आती अंग्रेजी? मैं तो चेहरा देखके बोलता. कौन रोया, कौन ओरडला, किसकी मिशी मोठी. बाकी सब इधरसे.' अन् डोकं ठोकून दाखवलं.

पंचफुले, माह्या पायाखालून जमीन सरकली. काऊन म्हणजे? अवं, मी पण तेच करत होती ना! मी पण चेहराच पाहत होती. त्यावर चाचाची गोष्ट चिकटवून देत होती. कानानं एक शब्द ऐकला नव्हता मी एवढे आठवडे. एक नाही. अकोल्याले तं टेलिफोन आहे. टेलिफोनले काही चेहरा असते का?

घरी आली, जेवली नाही. आत्या म्हणे, काय झालं. मी म्हणलं, काही नाही. अन् मनात पक्कं केलं.

पुढच्या आठवड्याले गेलो. पिक्चर सुरू झालं, अन् मी फिरून बसली. पडद्याकडे पाठ. तोंड बायांकडे.

आता तू सांग, सगळ्या बाया पुढं पाहून राह्यल्या, अन् त्यायच्या पुढं एक पोरगी त्यायच्याकडेच तोंड करून बसली, डोळे मिटून. केसरबाई म्हणे, 'अवं सोजराबाई, हिले काही लागीर झालं का?' चांदबी म्हणे, 'या अल्ला, बच्ची को कुछ दिखा क्या?' मनकर्णाबाईच्या लेकरानं मले पाहून भोकाड पसरलं. आत्या आधी मले कोपरानं मारून राह्यली होती, 'रुखमे, सरळ बैस, लोक काय म्हणतील.' मी म्हणलं, 'आत्या, मी अभ्यास करून राह्यली.' मंग आत्याच फिरली, बायांले म्हणे, 'तुमच्या बापाचं काय गेलं? पोरीले पडदा झोंबते डोळ्याले!'

अन् मले काय ऐकू आलं? पुन्हा मालगाडी. धडधड धडधड. रडू आलं वं मले. एक शब्द पकडायची, त्याचा मराठी अर्थ मनात लावायची, वामनराव सरांसारखा, अन् तोपर्यंत तिकडे चार वाक्यं निघून जायचे. पुन्हा एक पकडायची, पुन्हा चार जायचे. सगळा खेळ असाच गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यालेही असाच.

पण बाबांच्या वाफ्याले पाणी देताना माह्या डोक्यात आलं. दांडातून पाणी येते तवा आपण काय एक एक थेंब पकडतो का? येऊ देतो. मी म्हणलं, येऊ द्यायचं. शब्द नाही समजला, जाऊ द्यायचा. त्याच्यापाशी थांबायचंच नाही. मराठी करायचंच नाही. वाक्य संपेपर्यंत नुसतं ऐकायचं.

ते एकदम नाही झालं. आधी आवाज वेगळे झाले. टोपीवाल्याचा आवाज कसा, जाड्याचा कसा, ती बाई विचारते तवा आवाज वर कसा जाते. मंग त्याच त्याच जागी तेच तेच शब्द, घरातले भांडे कसे जागेवर असतात तसे. एक दिवस आख्खं वाक्य कानात पडलं, पुरं, स्वच्छ, अन् मले कळलंही नाही का ते इंग्रजीत आहे. ती बाई रडत म्हणत होती, 'फादर, ही इज माय हजबंड!'

मी डोळे उघडले. गरकन फिरून पडद्याकडे पाह्यलं. कोणाले म्हणून राह्यली ही फादर? त्या जाड्याले! अन् टोपीवाला तिचा नवरा!

अवं, एवढे सोपे शब्द! आपण पाचवीत शिकलो. पण त्या मेल्याच्या मिशा अन् चिरूट पाहण्यात मी एवढी गुंतली होती, अन् चाचाची गोष्ट डोक्यात एवढी पक्की होती, का एवढे आठवडे कानाच्या बाजूनं जाऊन राह्यले होते अन् मले पत्ता नाही. ते एक वाक्य सुटलं, अन् रीळ संपेपर्यंत बाकीचेही सुटत गेले, रुसणं, जुगार, सगळं.

रीळ संपलं, दिवे लागले. मी म्हणलं, 'आत्या! तो भाऊ नाही, नवरा आहे! अन् तो जाडा जमीनदार नाही, तिचा बाप आहे! ही नवऱ्यावर रुसून माहेरी आली, अन् तो तिले न्यायले आला!'

आत्यानं माह्या दंडाले धरलं. मंग म्हणे, 'माय वं! म्हणजे मी एवढे दिवस तिच्या बापाले शिव्या देऊन राह्यली होती?'

सगळ्या बाया माह्याभोवती. केसरबाई म्हणे, 'पण मंग बाप काऊन पाठवत नाही?' मी म्हणलं, 'जावई जुगार खेळते म्हणून.' 'असं!' केसरबाई म्हणे, 'मंग बरोबर करून राह्यला बाप. बिलकुल पाठवू नको म्हणा.' अर्ध्या बाया बापाच्या बाजूनं, अर्ध्या जावयाच्या. चांदबी म्हणे, 'मरद को एक मौका तो देना!' एवढा गलका झाला का पलीकडून माणसं ओरडले, 'ओ बायांनो, गप्प बसा, चाचा सांगून राह्यला!' आमच्यातून मनकर्णाबाई ओरडली, 'चाचाले काही माहीत नाही! रुखमीले माहीत आहे!'

मले वाटलं, आता चाचा रागावते. चाचा कनातीपाशी आला, हळूच म्हणे, 'बेटी, क्या बोला टोपीवाला?' मी कनातीतून सांगितलं. चाचा परत भोंग्यावर गेला. 'भाईयो और माँ-बहनो! ये सुंदरी टोपीवाले की बीवी है!'

माणसांच्या बाजूले दंगा. 'ओ चाचा! मागच्या आठवड्याले बहीण होती ना!' 'बायको कशी झाली बे?'

चाचानं भोंगा तोंडाजवळ ओढला. मंग असा आवाज काढला, 'अरे, तब तक ये लोग तुमसे भी छुपा रहे थे!'

टाळ्या! शिट्ट्या! फकीर मोहम्मद शेठ गेटावरून धावत आला, त्याले वाटलं तंबू पडला.

मंग तेच दर आठवड्याचं काम झालं. मी पाठ करून ऐकायची, रीळ संपलं का कनातीपाशी सांगायची, चाचा त्याच्यात आपलं मीठ-मसाला टाकून भोंग्यावर सांगायचा. मसाला थोडा कमी टाका म्हणलं तर ऐकायचा नाही. म्हणे, 'बेटी, सच तेरा, मजा मेरा.' शेठनं मंग दुसरं पिक्चर आणलं, तिसरं आणलं. नवीन पिक्चर म्हणजे मले घाम फुटायचा. कनातीपलीकडे चाचा उभा, मागं सगळा तंबू वाट पाहून राह्यला, अन् समजलं नाही म्हणायची सोय नाही! पण त्यानंच कान चालले. पहिल्या पिक्चरले किती आठवडे लागले, तिसऱ्याले पहिल्याच खेळात निम्मं सांगितलं मी.

अन् आला उन्हाळा. अकोल्याचं बोलावणं आलं.

यावेळी लय पोट्ट्या होत्या. एक लांब टेबल, प्रत्येकीपुढं कागद अन् पेन्सिल, अन् कानाले लावायचं ते यंत्र. त्याची तार भिंतीतून बाजूच्या खोलीत. माह्या बाजूले नागपूरची एक पोट्टी, इंग्रजी शाळेत शिकलेली, केस कापलेले. स्वभावानं लय गोड, मले म्हणे, 'घाबरू नको, मलाही धडकी भरली आहे.' पण हे म्हणताना मधात मधात असं फर्डं इंग्रजी बोलून राह्यली होती का मी आपली पेन्सिलीचं टोक पाहत बसली. दाराले काच होती. काचेतून व्हरांडा दिसत होता, अन् व्हरांड्यात बाबा. टोपी हातात, नाक काचेले.

यंत्र कानाले लावलं. खरखर खरखर. एका पोट्टीनं हात वर करून सांगितलं, आवाज साफ नाही. मी म्हणलं, बाई, आमच्या इंजिनापाशी येऊन बैस.

मंग आवाज आला. बाईचा. भराभर इंग्रजीत. निरोप होता: कोणी एक गृहस्थ भुसावळले अडकले आहे, नागपूरची गाडी उशिरा आहे, त्यायच्या भावाले सांगा का रात्री जेवायले थांबू नको, पण दाराले कडी लावू नको. मी येऊ देलं. मराठी नाही केलं, शब्दापाशी थांबली नाही. एक मोठा शब्द आला, नाही समजला, जाऊ देला. वाक्य संपलं का लिहायची. सगळ्या पेन्सिली चर्र चर्र. दुसरा निरोप, तिसरा निरोप.

अन् मंग, ऐक, तोच आवाज, तसाच, त्याच चालीत, ना वर ना खाली, म्हणते का आता जे सांगते ते लिहायचं नाही. ज्यांना माझं बोलणं समजलं त्यांनी पेन्सिल खाली ठेवावी, उठावं, अन् मागची खिडकी उघडावी.

मी अर्धं वाक्य लिहूनही बसली होती! हात थांबला. इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं. कोणी हललं नाही. सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांच्या पेन्सिली चालू. नागपूरवालीची तं सगळ्यात जोरात. मी म्हणलं, ही उठत नाही म्हणजे माह्यंच काहीतरी चुकलं. कदाचित हाही निरोपच असेल, कोण्या भावाले सांगायचा, खिडकी उघड म्हणून. उठली अन् चुकलं तर? परीक्षेतून उठली म्हणून तिथंच बाहेर काढतील. नाही उठली अन् बरोबर असलं तर?

मी पेन्सिल खाली ठेवली. तर काचेतून बाबांचे डोळे एवढे मोठे झाले! हातानं खुणा, 'लिही! लिही!' मी खुर्ची मागं सरकवली. बाबांचे दोन्ही हात खाली, 'बैस! अवं बैस!' टोपी पडली त्यायची.

मी डोळे मिटले. एवढंच. डोळे मिटले अन् ते वाक्य पुन्हा कानात ऐकलं. स्वच्छ होतं. उठावं अन् मागची खिडकी उघडावी.

मी उठली. यंत्र काढून ठेवलं. खिडकीपाशी गेली. कडी रंगानं चिकटलेली! दोन बुक्के घातले, तिसऱ्याले फाडकन उघडली, अन् बाहेरून टांग्याचा खडखडाट अन् धुळीचा लोट आत. सगळ्यांचे कागद उडाले. सगळ्यांनी माना वर केल्या अन् माह्याकडे असं पाह्यलं जसं केसरबाईनं पाह्यलं होतं, लागीर झाल्यासारखं.

बाजूच्या खोलीचं दार उघडलं. एक चष्मेवाली मॅडम बाहेर आली, तोंड एकदम कडक. मले इंग्रजीत विचारलं, ही खिडकी उघडायले तुले कोणी सांगितलं?

माह्या तोंडातून कसं निघालं मले माहीत नाही. मी म्हणलं, 'यू डिड, मॅडम.'

मॅडम हसली वं! खळखळून हसली. नागपूरवालीनं कपाळाले हात मारला, म्हणे, 'अरे देवा, मी तर तेही लिहून टाकलं!' अन् सगळ्यात आधी टाळी तिनंच वाजवली. मॅडमनं मले समोर बसवलं, खूप विचारलं, सगळं इंग्रजीत. मी उत्तरं देली, मोडकी-तोडकी देली, पण 'येस सर' एकदाही नाही. विचारे, इंग्रजी कुठं ऐकलं? मी म्हणलं, सिनेमात, पडद्याकडे पाठ करून. तिनं दोनदा विचारलं, तिले वाटलं तिच्याच कानाची चूक झाली.

घेतलं मले! घेतलं वं पंचफुले! पुढच्या महिन्यात नागपूरले शिकायले जायचं, नागपूरवालीलेही घेतलं, तिच्याच मामाकडे माह्यी राहायची सोय होऊन राह्यली. येताना रेल्वेत बाबा गप्प नाही बसले. अकोल्यापासून नांदुऱ्यापर्यंत डब्यातल्या एकाएकाले सांगून राह्यले होते, 'आमची पोरगी उठली अन् खिडकी उघडली!' लोक म्हणे, 'बरं, मंग?' बाबा म्हणे, 'मंग काय? उघडली ना!' अन् नांदुऱ्याच्या पाहुण्यांच्या घरावरून मोटार गेली तवा बाबांनी तिकडे पाह्यलंही नाही. तंबूत तं चाचानं भोंग्यावर असं सांगितलं का मी कुलूप तोडून, दरवाजा फोडून, साहेबाचा जीव वाचवून आली. मी म्हणलं, चाचा, खिडकी होती. म्हणे, 'सच तेरा.'

आता तू बोल. एवढा वेळ गप्प बसली, शाबास. पण खरं सांगशील. सगळ्या पोट्ट्यांच्या माना खाली, हुशार आहे तीही लिहून राह्यली, काचेपलीकडे जन्मदाता बाप दोन्ही हातानं बैस बैस म्हणून राह्यला, पुन्हा मोका नाही, अन् कानात फक्त एक आवाज, ऊठ म्हणून. माह्या जागी तू असती, पंचफुले, तं तू काय केलं असतं?